वाचकांचे प्रश्न : विदर्भातल्या घरात समुद्राचा मासा

गेल्या अंकात खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : कोणता मासा आणावा? ज्या पत्रांत इतरांच्याही शंका सामावल्या आहेत अशी सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पुसदजवळच्या माझ्या घरी अकरा वर्षांपासून अशी एक टाकी आहे. उत्तरांत त्या टाकीचा अनुभव वारंवार येईल, त्यातल्या चुकांसह.

प्रश्न : गोड्या पाण्यातले मासे मी सहा वर्षांपासून पाळतो. आता समुद्री माशांसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेतली आहे. नागपूरला दुकानात पाहून यादी केली : दोन क्लाऊनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन, एक लायनफिश आणि चार-पाच डॅमसेल. यांपैकी कोणते आधी आणावेत? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या यादीत क्लाऊनफिश आहेत याचा आनंद वाटला. त्यांच्याखेरीज यादीतला एकही मासा या टाकीत आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे एकेका माशापाशी थांबून सांगितले पाहिजे, कारण दुकानात हे सगळे मासे दोन-तीन इंचांचे, सारखेच गोजिरे आणि सारखेच निरुपद्रवी दिसतात.

ब्लू टँग वाढल्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि आपली टाकी ९१ सेंटिमीटर लांब आहे. प्रवाळाच्या कड्यांवर दिवसभर लांबच लांब पोहत राहणारा हा मासा तीन फुटांच्या काचेत सारखा वळत राहतो, कोपऱ्यात अडखळतो, बुजतो आणि त्या ताणातून अंगावर पांढरे ठिपके यायला वेळ लागत नाही. त्याला किमान सहा फुटांची टाकी हवी. ‘लहान आहे तोवर ठेवू, मोठा झाला की देऊन टाकू’ असा विचार अनेक जण करतात. पण दारव्ह्यात किंवा पुसदला तो घेणारा माणूस कोठून आणणार?

मँडरिनचे दुःख वेगळे आहे. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा दगडाच्या खाचांतून फिरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेचत असतो आणि विकतच्या दाण्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. नव्या टाकीत असे जीव नसतातच. काही आठवड्यांत तो उपासमारीने मरतो आणि त्याचे रंग शेवटपर्यंत टिकून राहत असल्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. वरून पाहिले तरच डोक्यामागचा भाग आत गेलेला आणि पोट खपाटीला लागलेले दिसते. मी स्वतः पहिल्याच वर्षी मँडरिन आणला होता. ‘दाणा खातो’ असे दुकानदाराने सांगितले, मी विश्वास ठेवला, खाताना पाहिला मात्र नाही. पाच आठवड्यांत तो गेला.

लायनफिश कणखर आहे, परंतु त्याच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचे अन्न असतो. आपले क्लाऊनफिश एखाद्या रात्री नाहीसे होतील आणि टाकीबाहेर कोणी दोषी सापडणार नाही. शिवाय त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असते. काटा लागल्यास सोसेल इतक्या गरम पाण्यात तो अवयव बुडवून ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा असा उपचार आहे. ज्या गावाहून दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे आणि घरात लहान मुले टाकीत हात घालतात, तेथे हा मासा असू नये.

डॅमसेल स्वस्त मिळतात आणि सहजी मरत नाहीत, म्हणूनच नवशिक्याच्या पिशवीत तेच आधी पडतात. तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डॅमसेल दुकानात नखाएवढा असतो, पुढे १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि सगळी टाकी आपल्या मालकीची आहे असे समजून नव्या माशाला दगडामागे दाबून ठेवतो. चार आणले तर वर्षाअखेर बहुधा एकच उरतो. या कुळातला पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल त्यातल्या त्यात सौम्य असतो. हौस असेलच तर तो एकच घ्यावा आणि तोही सर्वांत शेवटी.

मग टाकीत काय ठेवावे? काठोकाठ भरल्यास आपल्या टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १६० लिटरच्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात चार, फार तर पाच लहान मासे सुखाने राहतात. लाजरा मासा आधी आणि दांडगा मासा नंतर, हा क्रम मोडू नये. सुरुवातीला फायरफिश किंवा बँगाई कार्डिनल यांपैकी एक आणावा. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळी हवी. बँगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या बँगाई बेटांच्या परिसरात मूळचा सापडतो, तेथे अतिपकडीमुळे त्याची संख्या घटली आहे. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि माणसाच्या देखरेखीखाली त्याची पैदास होते. म्हणून पैदाशीचाच मासा मागावा. तीन-चार आठवडे गेल्यावर क्लाऊनफिशची जोडी आणावी. दोन्ही पिल्ले लहान, पण एक दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असे निवडावे. क्लाऊनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो आणि लहान नरच राहतो, त्यामुळे नर-मादी ओळखण्याची खटपट करावी लागत नाही. दोन सारख्या आकाराचे मोठे मासे आणल्यास मात्र वर्चस्वासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. समुद्रात क्लाऊनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतात त्या समुद्रफुलाची (सी अॅनिमोन) टाकीत गरज नाही. टाकीत ते नसले तर क्लाऊनफिश एखादा कोपरा किंवा पंपाचा आडोसा आपला मानतात आणि वर्षानुवर्षे नांदतात.

क्लाऊनफिशविषयी माझा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तामिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजम येथील केंद्रांत क्लाऊनफिश व काही डॅमसेल यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. हौदात जन्मलेल्या पिल्लाला पहिल्यापासून दाणा ठाऊक असतो, काच ठाऊक असते, माणसाची सावली ठाऊक असते. याउलट आग्नेय आशियात प्रवाळांतले मासे सायनाइडच्या पाण्याने गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी अनेक दशके चालत आली आहे. असा मासा दुकानात ठीक दिसतो आणि घरी आल्यावर दोन-चार आठवड्यांत खाता खाता मरतो. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी समुद्र ओरबाडून आणलेला मासा घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. बोअरचे पाणी जिभेला चांगलेच खारट लागते. समुद्री माशांसाठी तेच वापरले तर मीठ विकत घेण्याचा खर्च वाचेल का? आमचे मेहुणे म्हणतात की लोणारचे पाणी आणून पाहावे. (एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि तो अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतूनही आला आहे. उत्तर मात्र दोन्ही पाण्यांच्या बाबतीत ‘नाही’ असेच आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पूर्णेच्या खोऱ्यातले, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यातले, पाणी पिण्याला आणि पिकाला नकोसे वाटावे इतके खारट असले तरी या मापाच्या जवळपासही पोहोचत नाही. त्याहून महत्त्वाचा भाग क्षारांच्या प्रमाणाचा आहे. समुद्राच्या त्या ३५ ग्रॅमांत साधारण १९ ग्रॅम क्लोराइड, पावणेअकरा ग्रॅम सोडियम, पावणेतीन ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास असतात, आणि जगातल्या कोणत्याही महासागरात हे परस्परप्रमाण जवळजवळ तेच राहते. माशाचे शरीर त्या प्रमाणावर बेतलेले आहे. आपल्या बोअरच्या पाण्याचा खारटपणा जमिनीतून आलेला असल्यामुळे त्याचे प्रमाण वेगळे असते आणि वर शेतातल्या खताचे नायट्रेटही त्यात उतरलेले असू शकते. हेच कारण स्वयंपाकाच्या मिठालाही लागू पडते : त्यात सोडियम क्लोराइडखेरीज फारसे काही नसते, म्हणून त्याने पाणी खारट होते, समुद्राचे होत नाही.

लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेले आहे आणि त्याचे पाणी खारे असण्याबरोबरच तीव्र अल्कधर्मी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो, लोणारचा १० च्या आसपास जातो. सामूचे माप एकाने वाढते तेव्हा अल्कता दहापटीने वाढते, हे लक्षात घेतल्यास त्या पाण्यात मासे का नाहीत ते कळेल. शिवाय लोणार संरक्षित क्षेत्र आहे. तेथून कॅन भरून आणण्याचा विचार मेहुण्यांनी सोडून द्यावा.

आपल्याला करावयाचे आहे ते असे. गावातल्या पाणी-केंद्रावरून आरओच्या पाण्याच्या कॅन आणाव्यात आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने प्रत्येक कॅन तपासावी, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अनेक केंद्रांवर आरओच्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळलेले असते. आकडा ५० च्या वर असेल तर ते पाणी मी घेत नाही. शंभरच्या पुढे असेल तर कोणीच घेऊ नये. केंद्रचालकाला आधी सांगितले तर बहुधा तो न मिसळलेले पाणी वेगळे काढून देतो. त्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने प्लास्टिकच्या बादलीत विरघळवावे, पंप लावून ते रात्रभर फिरत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास मोजून मगच वापरावे. १६० लिटरला हे मीठ पावणेसहा किलोच्या घरात लागते. आठवड्याला १६ लिटर पाणी बदलल्यास महिन्याला सव्वादोन किलो. मिठाचा हा खर्च झेपणार असेल तरच माशाकडे वळावे.

एक लहानशी गोष्ट पत्रात नाही, तरी सांगतो. हे पाणी तांब्याच्या गुंडात किंवा हंड्यात कधीही भरून ठेवू नये. तांब्याचा अंश गोगलगायी, झिंगे आणि खेकडे यांना मारतो आणि दगडांत शिरला की सहजासहजी निघत नाही.

प्रश्न : टाकीची हौस आमच्या घरच्यांची आणि मुलाची, सांभाळ माझ्याकडे आला आहे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो. दोन क्लाऊनफिश आणि एक कार्डिनल आहे. उन्हाळ्यात त्यांना कसे जपावे? नवे मासे आताच आणले तर चालतील का? (एक गृहिणी, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : मार्चपासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे एकही नवा मासा आणू नये. प्रवासाने थकलेल्या माशाला घरच्या उन्हाळ्यात उतरवणे म्हणजे आजारी पाहुण्याला दुपारी बारा वाजता स्टँडवर उभे करणे होय.

या माशांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. २९ पर्यंत ते सोसतात, ३० च्या वर धापा टाकू लागतात. पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची प्राणवायूची गरज वाढते; त्यातही समुद्राचे पाणी त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमीच प्राणवायू धरून ठेवते. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांनी काढलेला उन्हाळा समुद्री मासे काढतील असे मानता येत नाही.

जागा ही पहिली गोष्ट. टिनाच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकून टाकी असेल तर ती थंडीतच हलवावी, भरलेली टाकी मे महिन्यात हलवणे शक्य होत नाही. जुन्या धाब्याच्या घरातली मधली खोली यासाठी उत्तम, कारण तेथे दुपार उशिरा पोहोचते. दुसरी गोष्ट हवेची. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला लहान पंखा पाण्याची वाफ करतो आणि वाफ होताना पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लुळा पडतो. आपल्या वैशाखातल्या कोरड्या हवेत तो फार चांगला चालतो. टाकीच्या खोलीतच कूलर असेल तर खोली थंड होते, पण हवा दमट झाल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो. म्हणून कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवावी. बर्फ थेट टाकू नये. पाण्याची बाटली गोठवून ती तरंगत ठेवावी आणि थर्मामीटर पाहत राहावे, कारण एका तासात चार अंशांची घसरण माशाला उकाड्याइतकीच वाईट असते.

आता सर्वाधिक चुकणारा भाग. पंख्याने माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज सुमारे चार लिटर पाणी उडते. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. तेव्हा भर घालायची ती बिनमिठाच्या आरओच्या पाण्याची. समजा १६० लिटरच्या टाकीत आठवडाभर भरच घातली नाही, तर क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅमवरून ४२ वर जाते; आणि मीठ कालवलेल्या पाण्याने भर घातली तर रोज १४० ग्रॅम मीठ वाढत जाऊन आठवड्यात ती ४१ च्या घरात पोहोचते. समुद्री माशाच्या अंगातले पाणी भोवतालच्या खारटपणामुळे सतत बाहेर ओढले जात असते, म्हणून तो रात्रंदिवस पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारटपणा वाढला की हे काम आणखी जड होते. काचेवर सध्याच्या पातळीला बाहेरून रंगीत पट्टी चिकटवावी आणि सकाळ-संध्याकाळ त्या पट्टीपर्यंत पाणी भरावे. तांब्याभर पाणी एकदम ओतण्यापेक्षा बारीक धारेने घालावे.

लाइन गेली की आधी हवेचा विचार करावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप महाग नसतो आणि तो घरात असलाच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री वादळ आले, लाइन गेली, घरात इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालू होते म्हणून मी निर्धास्त झोपलो. टाकीचा पंप ज्या सॉकेटवर होता, ते इन्व्हर्टरला जोडलेलेच नव्हते. पहाटे पाहिले तेव्हा दोन्ही फायरफिश वाळूवर आडवे होते आणि क्लाऊनफिशची मादी पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याशी तोंड उघडे ठेवून, कल्ले भराभर हलवीत लटकली होती. मी हाताने प्लास्टिकचा मग बुडवून-उपसून तासभर पाणी खळबळवत राहिलो. ती वाचली. आज रात्रीच इन्व्हर्टर चालू ठेवून मुख्य बटण बंद करून पाहावे आणि पंप चालतो का ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

हिवाळ्यात याउलट हीटर लागतो, हेही मुलाला सांगून ठेवावे. डिसेंबरच्या रात्री आपल्या खोलीतला पारा या माशांना परवडणारा नसतो.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मला समुद्रघोडा खूप आवडतो. बाबा म्हणतात, विचारून पाहा. त्याच्यासोबत पोवळ्याचा एक लहान तुकडा पण ठेवायचा आहे. (एक विद्यार्थिनी, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुझ्या बाबांनी विचारायला सांगितले हे फार बरे केले. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद असलेले नळीमासे यांचा समावेश झाला, तसाच खडक बांधणाऱ्या प्रवाळांचाही. ज्या यादीत ताडोबाचा वाघ होता त्याच यादीत तेव्हा हे जीव आले. आपल्या समुद्रातून काढलेला समुद्रघोडा किंवा पोवळ्याचा तुकडा, जिवंत असो की वाळलेला, कोणी विकायला आणला तरी घ्यायचा नाही. ‘जिवंत दगड’ म्हणून आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळाचा दगड विकला जातो, त्यालाही हाच नियम आहे. टाकीसाठी कोरडे, भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड मिळतात. काही महिन्यांत त्यांच्यावर उपयोगी जिवाणू वस्ती करतात.

कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रघोड्याला घरी सुख नसते. त्याला पोट म्हणावे असे पोटच नसते, त्यामुळे खाल्लेले पटकन पुढे सरकते आणि त्याला दिवसातून अनेक वेळा बारीक जिवंत खाद्य लागते. तू शाळेत गेलीस की ते कोण देणार? तुला त्याच्यात काय आवडते ते मला माहीत नाही, पण बाबा पिल्लांना सांभाळतो हे आवडत असेल तर बँगाई कार्डिनल पाहा. त्याचा नर साधारण तीन आठवडे अंडी आणि मग पिल्ले तोंडात धरून राहतो आणि त्या दिवसांत काही खात नाही. गाल फुगलेले दिसतात, दाणा टाकला तर तो नुसता पाहतो आणि तोंड घट्ट मिटून घेतो.

प्रश्न : मी मुंबईहून दोन वेळा मासे मागवले. प्रवास २० तासांच्या वर होतो. पहिल्या वेळी थेंब-थेंब पाणी सोडून दोन तास सवय लावली, तरी तिघे त्याच दिवशी मेले. दुसऱ्या वेळचे जगले, पण आठ दिवसांत अंगावर पांढरे ठिपके आले आणि टाकीतल्या जुन्या माशांनाही लागण झाली. गोड्या पाण्यात मी अशा वेळी मीठ टाकत असे. आता काय करू? (एक वाचक, अकोट, जि. अकोला)

उत्तर : आपण काळजी घेतली आणि त्या काळजीनेच मासे गेले असण्याचा संभव मोठा आहे. बंद पिशवीत मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे पिशवीतल्या पाण्याचा सामू खाली येतो. माशाने सोडलेला अमोनिया त्या उतरलेल्या सामूत अमोनियमच्या रूपात राहतो, जे तितके विषारी नसते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा जहाल अमोनिया होते. २० तासांच्या प्रवासानंतर दोन तास त्या पाण्यात मासा ठेवणे म्हणजे त्याला विषात भिजवणे. लांबून आलेल्या माशासाठी वेगळी रीत पाळावी. विक्रेत्याला आधीच त्याच्या टाकीची हायड्रोमीटरवरची क्षारता विचारावी. काही जण १.०१९ ते १.०२० इतकी कमी ठेवतात. घरी एका वेगळ्या लहान टाकीत त्याच मापाचे पाणी तयार ठेवावे. पिशवी न उघडता १५-२० मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून मासा लगेच त्या टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पुढच्या काही दिवसांत क्षारता हळूहळू १.०२५ पर्यंत न्यावी.

ती लहान टाकी पुढे महिनाभर त्याचे घर असते आणि आपल्या दुसऱ्या दुःखाचा उपायही तीच आहे. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांच्या परजीवीपेक्षा वेगळा असतो. खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्याला मीठ काय करणार? तो काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून वाळूत-दगडात कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधतात. ठिपके दिसेनासे झाले की रोग गेला असे वाटते, तेव्हा तो खाली वाढत असतो. आता सर्व मासे मोठ्या टाकीतून काढून वेगळ्या टाकीत तांब्याच्या औषधावर ठेवावेत. मात्रा औषधाच्या कागदावर असेल तीच, आणि तांब्याची पातळी रोज चाचणी-संचाने मोजावी. मोठी टाकी माशांविना अडीच महिने चालू ठेवावी, म्हणजे परजीवीला यजमान न मिळून तो संपतो. गोगलगायी असतील तर त्या मोठ्या टाकीतच राहू द्याव्यात, त्यांना हा रोग होत नाही आणि तांबे सोसत नाही.

यापुढे होईल तर मासा फोटोवरून घेऊ नये. एक दिवस मोडून दुकानात जावे आणि दुकानदाराला आपल्यासमोर दाणा टाकायला सांगावे. चांगला मासा दाण्यावर झडप घालतो, कधी तोंडातून बाहेर टाकतो, पुन्हा उचलतो आणि गिळतो. नुसता जवळ जाऊन परत फिरणारा मासा खात नाही असे समजावे. डोळा स्वच्छ, पंख उघडे, पोट भरलेले, दोन्ही कल्ले सारखे आणि संथ हलणारे असावेत. एकाच कल्ल्याने श्वास घेणारा किंवा दगडाला अंग घासणारा मासा त्या टाकीत दिसला तर त्या टाकीतला दुसरा कोणताही मासा घेऊ नये. पसंत पडलेला मासा आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तेथेच राहू द्यावा, अनेक दुकानदार याला तयार होतात, आणि पुढच्या आठवड्यात तो तितकाच टवटवीत असेल तर आणावा. माझ्या मते अकोट ते नागपूर ही दुसरी खेप वाया जात नाही.

प्रश्न : टाकीत पाणी, मीठ, वाळू आणि दगड घालून तीन आठवडे झाले. पाणी आरशासारखे स्वच्छ आहे. दुकानदार म्हणतो, आधी दोन डॅमसेल सोडा, ते पाणी ‘पिकवतील’. सोडू का? (एक वाचक, साकोली, जि. भंडारा)

उत्तर : सोडू नये. पाणी पिकवतात ते जिवाणू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे काही जिवाणू नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने सौम्य नायट्रेट करतात आणि ही साखळी दगडांत-वाळूत बसायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. डॅमसेल त्या काळात अमोनियाचा मारा सोसून जगला तरी कल्ले भाजलेला आणि टाकीचा मालक झालेला असा मासा आपल्याकडे कायमचा राहील.

नुसते स्वच्छ पाणी तीन आठवडेच काय, तीन महिने ठेवले तरी पिकत नाही, कारण जिवाणूंना अन्नच मिळालेले नसते. रोज चिमूटभर माशांचा दाणा टाकावा किंवा तळ्यातल्या ताज्या झिंग्याचा सुपारीएवढा तुकडा पातळ कापडात बांधून टाकीत सोडावा आणि दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत लिहावे. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. त्याच्या मागोमाग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही आकडे शून्यावर आले की झिंगा काढून टाकावा, थोडा दाणा घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. तेव्हाही दोन्ही शून्य निघाले तर एक तृतीयांश पाणी बदलावे आणि पहिला, एकच, लहान मासा आणायला जावे. जाताना थर्माकोलचा डबा सोबत न्यावा आणि परतीची बस संध्याकाळची धरावी.